चावी फिरवण्याआधीचं नाव

लग्नाच्या वरातीला वाट न देणारा माणूस माझ्या गाडीला मुकाट्याने वाट देतो. टोपी काढतो, हात जोडतो आणि गाडी पुढे गेली की पटकन दुसरीकडे बघतो. जळगावात मी गेली कित्येक वर्षं शववाहिका चालवतो. म्हणजे चालवत होतो. आता गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे पुतण्या गाडी चालवतो आणि मी फोन घेतो. गाडीवर 'स्वर्गरथ' असं झोकात लिहिलेलं आहे, पण ती दारात उभी असली की पाहुणे चहाचा कप घेऊन ओट्यावरच थांबतात, आत काही येत नाहीत. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, साहेब, लोक करंजी खाता खाता वाचणार, त्यात माझं कशाला घालता? ते म्हणाले, नाना, करंजी सगळ्यांच्या नशिबात असेल-नसेल, तुमची गाडी तर आहेच. बसलो लिहायला.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे काय, नुसतं ड्रायव्हिंग तर आहे. आहेही. पण एसटी चालवणाऱ्याने माझी गाडी चालवून बघावी. मागचा माणूस हँडल धरून बसू शकत नाही, त्याला पट्ट्यांनी बांधलेलं असतं. गतिरोधकावरून गाडी अशी उतरवावी लागते, की नातेवाइकांना मागून आवाज येता कामा नये. तो आवाज एकदा कानावर पडला की लेकीबाळी पुन्हा पहिल्यापासून रडायला लागतात. शीतपेटी बॅटरीवर चालते, तिच्या घरघरीवर एक कान ठेवावा लागतो. हॉर्न शक्यतो वाजवायचा नाही. आणि पोचवून झालं की निरोपाला शब्द नसतो. बाकी दुकानदार 'या परत' म्हणतात. मी ते म्हणू शकत नाही, 'येतो' म्हणायचीही चोरी. नुसती मान हलवायची आणि निघायचं.

माणसं मात्र एकेक बघायला मिळतात. डाळीच्या एका व्यापाऱ्याला मी पुण्याच्या दवाखान्यातून आणत होतो. राजस्थानातून कधीकाळी आलेलं घराणं. मोठा मुलगा माझ्या शेजारी, वडिलांचा फोन त्याच्या हातात. तो फोन सारखा वाजायचा. समोरच्याला काही ठाऊक नसायचं, तो तुरीचा भाव विचारायचा. मुलगा आधी भाव सांगायचा, मग बातमी. मला सुरुवातीला ते कसंसंच वाटलं. नंतर लक्षात आलं, की वडिलांचं दुकान वडील वाटेत आहेत तोवर बंद होऊ द्यायचं नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. जळगावची कमान आली तेव्हा त्याने फोन बंद केला आणि मग जो रडला, तो घर येईपर्यंत.

यावलच्या बाजूचे एक आबा होते, केळीचे बागायतदार. त्यांच्या मुलांनी गाडी घराऐवजी आधी बागेत घ्यायला लावली. केळीच्या दोन ओळींमधून, पानं काचेला घासत, विहिरीपर्यंत. मला इंजिन बंद करायला सांगितलं. धाकट्याने जाऊन मोटर चालू केली, पाइपातून पाणी पडायला लागलं. सगळे ते ऐकत उभे राहिले. मग थोरला म्हणाला, 'चाला आते,' आणि आम्ही घराकडे वळलो. अशा वेळी मी कारण विचारत नाही. पण खोटं कशाला बोलू, विचारायची खुमखुमी मला फार आहे. कुणाकडे काय करतात आणि का करतात, हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. बायको म्हणते, तुम्ही चुकून या धंद्यात आलात, तुम्ही वकील व्हायला हवं होतं.

धंद्यात माझ्या दोन सवयी होत्या. पहिली अशी, की निघताना घरातल्या कर्त्या माणसाने पुढच्या चाकावर तांब्याभर पाणी घालायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. राम म्हणा, नवकार म्हणा, बुद्धवंदना म्हणा, कलमा पढा, माझी कशालाच ना नाही. पण नाव घेतल्याशिवाय मी चावी फिरवत नसे. दुसरी सवय म्हणजे एक वाक्य. मागचं दार लावलं की मी कर्त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचो, 'आता काळजी माझी. तुम्ही सोडा.' त्या वाक्याने माणसं मोकळी व्हायची, कित्येकदा त्यानंतरच रडायची. मला त्या वाक्याचा अभिमान होता. आता मी ते म्हणत नाही, आणि पुतण्यालाही म्हणू देत नाही.

हे झालं एका शुक्रवारी, अलीकडचीच गोष्ट. आदल्या संध्याकाळी एका माणसाचा फोन आला. लोक आधी भाडं विचारतात, नाही तर शीतपेटी आहे का ते. याने विचारलं, 'उद्या सूर्य मावळायच्या आत पेणच्या पुढे पोचाल का?' मी म्हटलं, फटफटताच निघालो तर दुपार कलेपर्यंत पोचू. तो म्हणाला, 'सूर्य असताना पोचलो तरच उपयोग आहे.' एवढं बोलून पत्ता सांगितला.

पिंप्राळ्याच्या बाजूला छोटंसं घर होतं. दाराच्या चौकटीवर एक बारीकशी तिरकी नळी ठोकलेली, तिला बोट लावून लोक ते बोट ओठांना लावत होते. हे कोण लोक, मला कळेना. मुलाचं नाव रूबेन, वय पन्नाशीच्या आत-बाहेर, पाइपच्या कारखान्यात नकाशे काढायचं काम. वारले ते त्याचे वडील, एलियासबाबा, भुसावळला रेल्वेत नोकरी करून इथे स्थायिक झालेले. आई हन्नाअक्का खिडकीजवळ खाटेवर, खुब्याचं हाड मोडल्यामुळे पडून. सगळ्यांचं मराठी माझ्याहून सरळ. शेवटी विचारलंच, तेव्हा रूबेनभाऊ म्हणाला, 'आम्ही यहुदी. मूळ कोकणातले. तिकडे आमच्या लोकांचे तेलाचे घाणे असायचे, शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणायचे आम्हाला.' पेणच्या पुढे त्यांचं जुनं कबरस्तान होतं आणि शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागत होता. शब्बाथात माती देता येत नाही. म्हणजे उशीर झाला असता तर एलियासबाबांना रविवारपर्यंत तसंच पडून राहावं लागलं असतं. मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं त्यांच्यात फार वाईट मानतात.

बाबांना गाडीत ठेवलं. मी तांब्या भरून आणला आणि रूबेनभाऊपुढे धरला. म्हटलं, घ्या भाऊ, चाकावर पाणी घाला आणि तुमच्या देवाचं नाव घ्या.

त्याने पाणी घातलं. मग तांब्या परत देत म्हणाला, 'नाव मला आज घेता येणार नाही.'

मी आईकडे बघितलं. ती खिडकीतून सगळं बघत होती. ती म्हणाली, 'मलाही नाही, भाऊ.'

आता आली का पंचाईत. मी माझा नियम सांगितला. शेजारपाजारचे लोक माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मीच भाडं वाढवून मागतोय. रूबेनभाऊने घड्याळाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, 'नाव घ्यायचंच असेल तर तुम्ही घ्या. तुम्हाला मनाई नाही.'

एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बाजूला झालो, चाकाकडे तोंड केलं आणि दबक्या आवाजात राम म्हटलं. लाज वाटली, कारण सवय नव्हती. दुसऱ्यांना म्हणायला लावणं सोपं होतं. मग मागचं दार लावलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझं ठेवणीतलं वाक्य म्हटलं, आता काळजी माझी, तुम्ही सोडा.

त्याने माझा हात खाली घेतला. रागाने नाही, पण घेतला. म्हणाला, 'असं म्हणू नका. काळजी माझीच आहे. गाडी तेवढी तुमची.'

निघायच्या आधी मायलेकांमध्ये खिडकीच्या गजांतून थोडं बोलणं झालं. तो तिला समजावत होता, की तू इथेच राहणार आहेस, तर गाडी वळली की तुझ्यापुरतं झालं, असं काही जण मानतात. मग तू प्रार्थना करू शकतेस, चटईवर सुतक धरून बसू शकतेस. काही जण म्हणतात, घरातलं मोठं माणूस मयतासोबत गेलं असेल तर माती होईपर्यंत थांबायचं. अक्काने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'त्यांना माती मिळेपर्यंत माझं काम संपत नाही. मी थांबते.' मला त्यातलं अर्धंही कळलं नाही.

माझ्याकडे नातेवाईक पुढे बसतात. हा मागे बसला, वडिलांच्या बाजूला, खाली. मयताला एकटं सोडत नाहीत म्हणे. केबिन आणि मागच्या भागामध्ये सरकती काच आहे, ती मी उघडीच ठेवली. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. आरशात तो दिसत होता. शेजारी एक मखमली पिशवी, तिच्यात प्रार्थनेची शाल आणि सकाळच्या प्रार्थनेला बांधायचे चामड्याचे पट्टे आहेत, असं त्याने नंतर सांगितलं. उजाडल्यावर त्याचा हात सवयीने पिशवीकडे गेला आणि तिथेच थांबला. पिशवी काही उघडली नाही. मी पाण्याची बाटली मागे दिली, तर ती तोंडाशी नेताना त्याचे ओठ काहीतरी म्हणायला हलले. मग त्याने ओठ दाबून धरले आणि नुसतंच पाणी प्यायला.

मी माझ्या हुशारीने निदान केलं, की हा देवावर रुसलाय. असे मी पाहिले होते. धुळ्याच्या एका तरुणाने आई गेल्यावर घरातले देव टोपलीत घालून माझ्या गाडीत ठेवले होते, म्हणे यांनाही न्या. तेव्हा पारोळ्याच्या आसपास मी समजुतीच्या सुरात सुरू केलं. भाऊ, असं करू नये, देवावर राग धरू नये, त्याच्या मनात काय असतं आपल्याला कळत नाही, वगैरे. रूबेनभाऊ हसला. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच हसला असावा.

'राग नाही हो,' तो म्हणाला. 'त्यानेच सांगितलंय, आज माझ्याकडे येऊ नको. आधी वडिलांचं बघ.'

मग काय, मला सापडलंच. प्रश्नांवर प्रश्न. तोही कंटाळला नाही. नकाशे काढणारा माणूस, रेघ कुठून कुठे जाते हे सांगायची त्याला सवय. त्यांच्यात आई, बाप, नवरा, बायको, भाऊबहीण, मूल यांपैकी कुणी गेलं की माती होईपर्यंत त्या माणसावर देवाचं एकच काम असतं, मयताची सोय लावणं. बाकी सगळी कर्मं माफ. नुसती माफ नव्हे, करायचीच नाहीत. सकाळची प्रार्थना नाही, जेवणाआधीचे दोन शब्द नाहीत, पाण्यावरचे नाहीत. मांस नाही, दारू नाही. आपल्याकडे सुतकात देवपूजा बंद असते तसं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, दिसायला तसंच, पण आमच्यात विटाळाचा प्रश्न नाही. लक्षाचा प्रश्न आहे. वडील असे पडलेले असताना मी डोळे मिटून देवाशी बोलत बसलो, तर ते वडिलांच्या हक्काचं लक्ष मी दुसरीकडे नेल्यासारखं.

मी म्हटलं, आणि कुणी पैसेवाला असला, सगळं माणसं लावून केलं तर? त्याने मान हलवली. म्हणाला, 'मयत खांदेकऱ्यांच्या हाती सोपवून स्वतः मागे राहिला, तर तो मोकळा. तिथून त्याची प्रार्थना, त्याचं सुतक सुरू. आज आमचे खांदेकरी तुम्ही आहात, नाना. म्हणून सकाळी तुम्हाला थांबवलं. मला सोपवायचं नव्हतं.'

किती लोकांना मी त्या वाक्याने मोकळं केलं होतं आणि त्यांतल्या किती जणांना मोकळं व्हायचं नव्हतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. वाईट वाटलं, असं म्हणणार नाही. नवल वाटलं.

धुळं ओलांडून लळिंगच्या घाटाकडे वळलो आणि बघतो तर रस्त्यावर ट्रकच्या ट्रक उभे. वर घाटात केळीचा ट्रक आडवा झाला होता. क्रेन यायची होती. तरी जुनी सवय जात नाही. मी मागे वळून म्हटलं, तुम्ही डोळे मिटून बसा भाऊ, देवाचं... आणि जीभ चावली.

तो खाली उतरला. जाताना म्हणाला, 'नाना, बाबांजवळ बसा,' आणि मी मागे जाऊन बसलो. काचेतून बघतो तर हा शर्टाच्या बाह्या सारून ट्रकवाल्यांशी बोलत पुढे चाललाय. इतका वेळ गप्प, मवाळ दिसणारा माणूस, पण तेव्हा त्याच्या चालीत एखाद्या मुकादमाची घाई होती. मला तेव्हा कुठे नीट समजलं, की त्याला प्रार्थनेऐवजी नेमकं काय दिलं होतं. परत आला तो बातमी घेऊनच. क्रेनचा पत्ता नव्हता, आणि एक ट्रकवाला त्याला म्हणाला होता, 'साक्रीकडथीन जा, रस्ता मोकळा शे.'

मी हिशेब केला. मागे फिरून साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद, सटाणा, देवळा, मग चांदवडला पुन्हा हमरस्ता. लांबचा फेरा. कसारा घाट उतरून शिळफाट्याने पनवेल गाठेपर्यंत ऊन कलणार, हे दिसत होतं. मी ते त्याला सांगितलं आणि माझ्या चौकस जिभेला हाड नसल्यामुळे पुढे विचारून बसलो, की उशीर झालाच तर तुमचं काय होईल? तो म्हणाला, शब्बाथ लागला की माती देता येत नाही, आणि जिथे काही करताच येत नाही, तिथे बंदीही राहत नाही. मग तो प्रार्थना करू शकतो. मी म्हटलं, म्हणजे उशीर झाला तर तुमची सोयच की.

बोलून गेलो आणि वाटलं, मोठाच मूर्खपणा झाला. तो बराच वेळ वडिलांच्या पांढऱ्या चादरीवरची सुरकुती सारखी करत राहिला.

'सोय होईल,' तो म्हणाला. 'पण बाबा तसेच पडून राहतील आणि मी देवासमोर उभा राहीन. मला तसं उभं राहायचं नाही, नाना.'

मी दार लावलं, चाकाजवळ गेलो, राम म्हटलं आणि गाडी मागे वळवली. या वेळी आवाज जरा मोठा निघाला.

साक्रीच्या पुढे एका गावात आठवडी बाजार भरला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पालं, मिरच्यांचे ढीग, कोंबड्यांच्या टोपल्या, आणि मधून जेमतेम बैलगाडी जाईल एवढी जागा. गाडी अडकली. हॉर्न वाजवायचा नाही हा माझा नियम, आणि तिथे हॉर्न ऐकणार तरी कोण. तेवढ्यात टोपी घातलेले एक आबा काचेजवळ आले, आत डोकावले, पांढरी चादर बघितली आणि फिरून बाजाराकडे तोंड करून ओरडले, 'मानूस शे गाडीमा. बठ्ठा बाजूले सरका.'

आणि बाजार सरकला. कुणी पालाचे बांबू उपटून धरले, कुणी मिरच्या पोत्यासकट ओढल्या. आबा गाडीपुढे चालत राहिले, हात असे दोन्हीकडे पसरून. मोकळी जागा आली तेव्हा ते मागच्या खिडकीशी आले, हात जोडले आणि रूबेनभाऊला मायेने म्हणाले, 'देवनं नाव ल्या, भाऊ.'

रूबेनभाऊने आरशातून माझ्याकडे बघितलं. आता या सज्जनाला सगळं कायदाशास्त्र कुठून सांगणार? मीच म्हटलं, 'आबा, ते आज माझ्याकडे दिलंय.' आबांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी मान डोलावली, जणू अशी वाटणी त्यांच्या गावात रोजच होते. मी त्यांच्यादेखत राम म्हटलं आणि निघालो.

पुढच्या रस्त्याचं वर्णन करत नाही. चांदवडला हमरस्ता लागल्यावर मी गाडी अशी हाकली, की पुतण्याला मी ते कधी सांगितलेलं नाही. रूबेनभाऊचा फोन सतत चालू होता. कबर खणली का, आंघोळ घालणारे आले का, प्रार्थनेला लागणारी दहा पुरुष माणसं जमली का. अधूनमधून अक्काचा फोन यायचा. ती तिकडे खाटेवरून तेच करत होती, मुंबई-ठाण्याच्या भाच्या-पुतण्यांना उठवून पेणच्या वाटेला लावत होती. एकदा ती काय म्हणाली ते त्याने फोन ठेवल्यावर मला सांगितलं. 'आई म्हणते, जळगावात सूर्य कोकणाच्या आधी मावळतो. मला लवकर कळवा.'

हे मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं त्या रस्त्यावर घालवली, पण जळगावचा सूर्य आणि कोकणचा सूर्य वेगळ्या वेळी बुडतात, हे कधी मनात आलं नव्हतं. तो म्हणाला, फार नाही, थोडाच फरक. पण शुक्रवारी तेवढा पुरतो. अंधार पडायच्या आत अक्काला शब्बाथचे दिवे लावायचे होते, आणि त्याआधी नवऱ्याला माती मिळाली हे तिला कळायला हवं होतं. म्हणजे आमच्या गाडीला आता दोन सूर्य गाठायचे होते, आणि तिचा आधी.

पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. माणसं फाटकापाशीच उभी. त्यांनी बाबांना उचलून थेट आत नेलं. तिथल्या खोलीत आंघोळ घातली, पांढरे कपडे चढवले. मी फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा राहिलो. कुंपणाची भिंत कमरेएवढीच, त्यामुळे सगळं दिसत होतं. रूबेनभाऊने पहिलं फावडं घेतलं. मग ते त्याने दुसऱ्याच्या हातात दिलं नाही, जमिनीवर ठेवलं आणि दुसऱ्याने ते तिथून उचलून घेतलं. दुःख हातातून हातात द्यायचं नाही म्हणून असेल. विचारायचं राहून गेलं, अजून खटकतं.

माती पुरी झाली. तो भिंतीजवळ आला, हात मातीने भरलेले, नजर झाडांच्या वरच्या सूर्यावर. मागे ती दहा-बारा माणसं त्याच्यासाठी खोळंबली होती; मुलाने म्हणायची प्रार्थना आता त्याला म्हणायची होती. त्याने खिशाकडे मान करून मला फोन काढून घ्यायला सांगितलं. 'आईला तुम्ही सांगा,' तो म्हणाला आणि हात धुवायला वळला.

मी फोन लावला, तर पलीकडे पहिली घंटी पुरी व्हायच्या आत अक्काने उचलला. मी म्हटलं, 'अक्का, माती मिळाली.'

तिने विचारलं, 'सूर्य आहे का तिकडे?'

'आहे अक्का, झाडाच्या वर.'

'इथे भिंतीला टेकलाय. पुरेल मला.' खाटेचा कुरकुर आवाज आला, कुणीतरी तिला टेकवून बसवत असावं. मग ती म्हणाली, 'भाऊ, दिवे लावले की शब्बाथ लागला, मग मला फोनला हात लावता यायचा नाही. तुम्हीच बंद करा.'

काडी ओढल्याचा आवाज मी ऐकला. मग तिचा आवाज, मला न समजणाऱ्या भाषेत; आधी कापरा, मग सावरत गेलेला. त्याच वेळी भिंतीपलीकडून रूबेनभाऊचा आवाज सुरू झाला, भरदार, दिवसभर दाबून ठेवलेला. आदल्या संध्याकाळपासून ज्या दोघांनी तोंडातून देवाचा एक शब्द काढला नव्हता, ते आता एकदमच बोलत होते, एक माझ्या एका कानात, एक दुसऱ्या. मी फोन कानावरून काढला आणि हात लांब करून भिंतीवर धरला, त्याचा आवाज तिला जावा म्हणून.

तिने बंद करायला सांगितलं होतं. मी बराच वेळ केला नाही.